बोटांचा घाऊक भाव

एका स्टँपपेपरवर माझी सही आहे. साक्षीदार क्रमांक दोन. त्या सहीबद्दल लिहायचं आहे. आधी स्वतःला शिव्या घालतो, मग व्यवस्थेला.

आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीतलं पोरगं. वय बावीस. बारावी नापास, मग हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर. पत्रा आत सरकवायचा, पाय दाबायचा, पत्रा काढायचा. तासाला इतके नग निघालेच पाहिजेत. प्रेसला गार्ड असतं, पण गार्ड लावलं की नग कमी निघतात. म्हणून गार्ड कोपऱ्यात. तपासणीला कोणी आलंच तर लावायचं, साहेब चहा पिऊन गेला की परत कोपऱ्यात. एक दिवस दुपारी प्रेस दोनदा पडला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पत्र्यासोबतच गेलं.

मालकानं त्याला खाजगी दवाखान्यात टाकलं. बिल भरलं. आठव्या दिवशी ठेकेदार त्याच्या घरी आला. पस्तीस हजार रोख आणि एक टाइप केलेला कागद घेऊन. पोराच्या मायनं मला बोलावणं धाडलं. मी शिकलेला, चळवळीतला, चार लोकांत बोलणारा.

"भाऊ, तुमी वाचून सांगा काय लिवलं हाय थे. आमाले काय समजते?"

मी वाचलं. "मशीनचे सुरक्षा गार्ड मी स्वतः काढले होते. अपघात माझ्या चुकीने झाला. मालकाने माणुसकीच्या नात्याने दिलेले रु. ३५,००० मला पूर्ण व अंतिम मिळाले. यापुढे माझा कोणताही दावा नाही." मला वाटलं, गरीब घर आहे, पैसा हातात येतोय, कोर्टकचेरीत काय ठेवलंय? पोरानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. मी खाली सही केली.

दोस्तहो, तो ठेकेदार आपलाच आहे. आपल्याच वस्तीत वाढलेला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला सर्वात मोठी वर्गणी त्याची. निळा फेटा बांधून गाडीवर सर्वात पुढे तो. स्टेजवर आपण त्याला 'मान्यवर' म्हणतो. मीच म्हणालोय, माइकवरून.

नंतर लाज वाटली म्हणून कायदा काढून वाचला. वाचता वाचता डोकं सुन्न झालं.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. २००९ च्या दुरुस्तीनं 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळलाय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. या कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात माणसाचं शरीर तोडून तोडून भाव लावलेत. दोन्ही हात गेले तर १०० टक्के. एक डोळा गेला, दुसरा शाबूत, तर ४०. अंगठा ३०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२. करंगळी ७. पायाचा अंगठा १४. खाटकाच्या दुकानावर पाटी असावी तसं.

आणि गंमत ऐका. तर्जनी आणि मधलं बोट वेगवेगळं मोजलं तर चौदा अन् बारा, सव्वीस. पण 'एका हाताची दोन बोटं' अशी वेगळी ओळ आहे. तिथे भाव २० टक्के. जोडीनं तुटली की स्वस्त. घाऊक भाव.

एकलव्याचा अंगठा आठवतोय ना? आजच्या यादीत ३० टक्के. द्रोणाचार्यानं तेवढेही दिले नाहीत, उलट गुरुदक्षिणा म्हणून पावती फाडली. आमच्या पोराकडूनही पावतीच लिहून घेतली. फरक इतकाच की एकलव्याला साक्षीदार लागला नव्हता. इथे मी होतो.

आता हिशेब करू. आपल्या लोकांना भाषण येतं, हिशेब येत नाही, म्हणून सगळे लुटतात. कायद्याचं गणित असं : महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के घ्यायचे, वयाप्रमाणे एक गुणक असतो त्यानं गुणायचं, आणि जेवढे टक्के अपंगत्व तेवढा हिस्सा काढायचा. पोराचा पगार १२,००० रोख. साठ टक्के म्हणजे ७,२००. बाविसाव्या वर्षाचा गुणक २२१.३७. गुणाकार १५,९३,८६४. त्याचे वीस टक्के ३,१८,७७२ रुपये.

तीन लाख अठरा हजार. हातात पडले पस्तीस हजार. नववा हिस्सा.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त, त्याच्या चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या, सोळावा शूद्राच्या. आणि शूद्राला मारल्याचं प्रायश्चित्त मांजर, बेडूक, कुत्रा, घुबड मारलं तरी तेच पुरे. आम्हाला तर त्या हिशेबात जागाच नव्हती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. पुस्तक जळालं, हिस्से करायची सवय जळाली नाही. नववा हिस्सा कोणत्याही स्मृतीत लिहिलेला नाही. तो एमआयडीसीत ठरतो, आणि आपण त्याला 'तडजोड' असं गोड नाव देतो.

त्या कागदातलं "गार्ड मी स्वतः काढले" हे वाक्य मला तेव्हा फालतू वाटलं होतं. ते फालतू नव्हतं. सगळा कागद त्या एका वाक्यासाठी होता. या कायद्यात कामगाराची साधी चूक, बेसावधपणा चालत नाही. काम करताना, कामापायी अपघात झाला ना, मग मालक देणं लागतो. मालकाची चूक शोधत बसायचीही गरज नाही. पण दोन-तीन पळवाटा आहेत. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. त्याही मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर मालकाच्या कामी येत नाहीत. दोन बोटांसाठी मात्र येतात. मालकाच्या वकिलाला हे ठाऊक होतं. बी.ए. झालेल्या, व्याख्यानं झोडणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. आमचं सगळं वाचन वरच्या मजल्यावरचं. मार्क्स तोंडपाठ, मस्टर वाचता येत नाही.

हा हक्क कुठून आला तेही पाहू. जर्मनीत १८८४ ला, इंग्लंडमध्ये १८९७ ला कायदे झाले, कारण तिथले कामगार लढत होते आणि सत्तेला धडकी भरली होती. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कायदा यायच्या कितीतरी आधी, १८९५ पासून, तिथे अपघाताची भरपाई देणं सुरू झालं. बरी गोष्ट. वाईटाला वाईट म्हणताना बऱ्याला बरं म्हणायला काय जातं? इंदोरा, पाचपावली, गड्डीगोदामातल्या आपल्या आज्यांनी, पणज्यांनी त्या मिलच्या भोंग्यावर आयुष्य मोजलं. बेझनबाग हे नावसुद्धा त्या मिलच्या मॅनेजरचं. पण मालकाच्या मनात आलं म्हणून मिळालं ते मालकाचं मन फिरलं की जातं. मिल गेली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. ज्यांच्या फुप्फुसात कापूस गेला त्यांची नातवंडं तिथे सरकत्या जिन्यावर फोटो काढतात.

आणि मिलमध्ये जात नव्हती असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं. तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागते, अस्पृश्याची थुंकी सवर्ण कामगाराला कशी चालणार? पगार जास्त त्या खात्यात आपण नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी लाल बावटावाल्यांना हाच जाब विचारला होता. १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्याचा पुतळा रोज जाळतो. दुसऱ्याकडून वर्गणी घेतो.

१९४२ च्या जुलैत याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्यावर गेले. कोळशाच्या खाणीत स्वतः उतरून त्यांनी कामगार पाहिला. त्यांच्याच खात्याच्या काळात आजारपणाच्या विम्याचा अदारकर अहवाल आला, १९४४ ला. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा. १९५४ पासून तो नागपुरात. सोमवारी पेठेतला ईएसआयचा दवाखाना कोणाच्या बापाची खैरात नाही, या इतिहासाचा तुकडा आहे. जिथे ईएसआय लागू तिथे कामावर अपंग झालेल्याला जन्मभर पेन्शन, मेलेल्याच्या घरच्यांना पेन्शन. पण त्यासाठी कारखान्यात दहा माणसं लागतात. आमच्या पोराच्या शेडमध्ये चोवीस जण राबतात. रजिस्टरवर नऊ. बाकीचे पंधरा हवेत.

आता जरा शहराबाहेर चला.

पुलगाव, २० नोव्हेंबर २०१८. दारूगोळा निकामी करताना स्फोट, सहा मेले. त्यात आजूबाजूच्या गावांतली ठेक्यावरची माणसं. बाजारगाव, १७ डिसेंबर २०२३. नऊ मेले, त्यात सहा बाया. धामणा, १३ जून २०२४. पुन्हा बहुतेक तरुण पोरी. भंडाऱ्याचं जवाहरनगर, २४ जानेवारी २०२५. आठ. उमरेड, ११ एप्रिल २०२५. अॅल्युमिनियमच्या भुकटीचा स्फोट, तेव्हाच पाच गेले. नागपूरभोवती बारुदाची माळ आहे. या माळेत मणी म्हणून कोण ओवलं जातं? ज्यांच्याकडे शेत नाही, असलं तर पाणी नाही, ज्यांच्या पोरी लग्नाच्या पैशासाठी कांड्या भरायला जातात. बौद्ध, आदिवासी, तेली, कुणबी, सगळे. बारूद जात विचारत नाही. बारुदापाशी कोणाला बसवायचं हे मात्र जात आणि गरिबी मिळून ठरवतात.

स्फोट झाला की काय होतं? मंत्री येतो. गेटवर गर्दी दगड उचलते. आकडा जाहीर होतो. बाजारगावच्या वेळी राज्य सरकारनं माणशी पाच लाख जाहीर केले. त्याला सरकारी मराठीत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. शब्द नीट वाचा. सानुग्रह, म्हणजे अनुग्रहासह. कृपा करून. देवानं भक्तावर करावा तो अनुग्रह. नुकसानभरपाई म्हणजे देणं, देणेकरी मालक. अनुग्रह म्हणजे भीक, आणि भीक घेणाऱ्यानं आभार मानायचे असतात. हातात चेक, बाजूला साहेब, समोर कॅमेरा. नवरा मेलेली बाई पदर सावरून नमस्कार करते आहे. हा फोटो मला बोटं तुटलेल्या हातापेक्षा भयानक वाटतो.

गटाराचंही तेच. मैल्यात उतरून मरणारा कोण, हे मी या पानावर नव्यानं सांगायला नको. २०१३ चा कायदा म्हणतो माणूस उतरवायचाच नाही. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख द्या म्हटलं. २० ऑक्टोबर २०२३ ला तेच तीस लाख केले, कायमच्या अपंगत्वाला वीस लाख. निकाल चांगलाच आहे. पण जी गोष्ट होऊच नये असा कायदा, तिचा भाव वाढवत न्यावा लागतो. माणूस उतरतोच आहे. आणि ठेकेदार सांगतो, "तो आमचा कामगारच नव्हता, आपल्या मर्जीनं उतरला."

आणि तडजोड? देशातली सर्वात मोठी तडजोड आठवा. भोपाळ. डिसेंबर १९८४ ला वायू सुटला. १९८५ ला सरकारनं कायदा करून पीडितांचा दावा स्वतःच्या हातात घेतला. फेब्रुवारी १९८९ ला सत्तेचाळीस कोटी डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ७१५ कोटींवर, प्रकरण मिटवलं. ज्यांचे डोळे गेले त्यांना कोणी विचारलं नाही. जास्त भरपाईसाठीची शेवटची याचिका मार्च २०२३ ला फेटाळली गेली. भोपाळचा कागद आणि आमच्या वस्तीतला कागद, मजकूर एकच : पूर्ण व अंतिम. तिथे सही सरकारची, इथे माझी.

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? पोराच्या मायनं मला तेच विचारलं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"कोर्टात गेलं तं सालोसाल जाते. तवर खायाचं काय, भाऊ? तुमचं भाषन खायाचं काय?"

या प्रश्नाला उत्तर नसेल तर आपली चळवळ झक मारते. माणूस तीन लाख सोडून पस्तीस हजार घेतो तो मूर्ख म्हणून नाही. किराणावाला थांबत नाही म्हणून. मालकाकडे वेळ आहे, आपल्याकडे भूक. तडजोडीत जिंकतो तो थांबू शकणारा. कायदा म्हणतो दावा तीन महिन्यांत निकाली काढा. तारखा किती पडतात ते कोर्टाच्या पायरीवर बसलेल्यांना विचारा. म्हणून तडजोड वाईटच असं मी म्हणत नाही. आयुक्तापुढे, हिशेब मांडून, नोंदणी करून झालेली तडजोड चालेल. दारामागे, अंगठा उठवून झालेली चालणार नाही.

आणि ती कायद्यातही चालत नाही. हे मला कळलं तेव्हा मी रात्री दहा वाजता उठून पोराच्या घरी गेलो. हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल. भरपाईचा करार आयुक्ताकडे नोंदवला नसेल तर मालक पूर्ण रकमेचा देणेकरी राहतो, आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त कापू शकत नाही. म्हणजे पस्तीसमधले फार तर साडेसतरा. महिन्याच्या आत दिलं नाही तर बारा टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. दावा दोन वर्षांत लावायचा असतो. कामगार जिथे राहतो तिथेही लावता येतो. आणि टक्केवारीची यादी ही शेवटची रेघ नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या डिसेंबरात सांगितलं, एका हातानं सुतारकी होत नाही, तेव्हा याचं नुकसान शंभर टक्के. हात किती उरला हे पाहू नका, काम किती उरलं ते पाहा. प्रेस चालवणाऱ्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेल्यावर त्याचं काम किती उरलं? हा प्रश्न आपण विचारणार आहोत.

नव्या संहितांबद्दलही बोललं पाहिजे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात त्यात धरलाय, हे बरं आहे. पण विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरायला आधी दहा माणसं लागत, आता वीस. निरीक्षकाला आता 'सुविधाकार'ही केलाय. सुविधा कोणाची? गार्ड कोपऱ्यात ठेवणाऱ्याची? रजिस्टरवर नऊ लिहिणारा उद्या एकोणीस लिहील. तेवढीच प्रगती.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित कोणाला म्हटलं? अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया. 'कष्टकरी' हा शब्द आपण पोस्टरवर ठेवला, रस्त्यावर सोडला. नामांतरासाठी ४ ऑगस्ट १९७८ ला या शहरानं रक्त सांडलं. त्याच शहरात हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरला रोज थोडं थोडं रक्त सांडतं आणि आपण त्याला 'युनियनचा मामला' म्हणतो. लाल युनियनवाला जात पाहत नाही, आपण मशीन पाहत नाही. दोघांच्या मधल्या फटीत त्या पोराची बोटं पडलीत.

म्हणून साध्या चार गोष्टी. वस्तीत अपघात झाला की आपली दोन पोरं पहिल्या रात्री दवाखान्यात पाहिजेत, पोलिसात नोंद आणि डॉक्टरचा कागद हातात पाहिजे. रोख पगाराचा पुरावा, सोबत्यांचे जबाब, मशीनचा फोटो, ठेकेदाराचा मेसेज, सगळं त्याच आठवड्यात. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा अपघात निधीला, म्हणजे दाव्याचा निकाल लागेस्तोवर त्या घरची चूल पेटेल आणि पस्तीस हजारांचं आमिष चालणार नाही. आणि चौथं, ज्याच्या शेडमध्ये गार्ड कोपऱ्यात आहे त्याला स्टेजवर खुर्ची नाही. तो आपला असला तरी. आपला आहे म्हणून तर नाहीच.

डीजे एक तास कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

पोराचा अर्ज दाखल झालाय. अपघाताला चौदा महिने झाले होते, दहा उरले होते. मी शपथपत्र दिलंय की गार्ड कोणी काढलं ते मी पाहिलं नव्हतं, कागद आधीच टाइप होऊन आला होता, आणि वाचून दाखवताना मी त्या वाक्याचा अर्थ सांगितला नाही, कारण मलाच कळला नव्हता. ठेकेदारानं निरोप पाठवला, "आपल्याच माणसाले कोर्टात ओढून रायले का?" मी म्हटलं, हो. बोटंही आपल्याच माणसाची होती.

यंदा त्याची वर्गणी आली नाही. मंडळाची पोरं माझ्यावर चिडली आहेत. चिडू देत. तारीख पडली आहे, त्या दिवशी त्यांनी कोर्टात यावं. साक्षीदार क्रमांक दोन तिथे उभा असेल.

जय भीम.